चीफ्सना रेफरी जिंकवतात का? आणि ९ फेब्रुवारीला कोण?

बर्फातला_बाळ्या | २७ जानेवारी २०२५, ००:१८

झोप उडालीये म्हणून धागा काढतोय. आत्ताच एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, सेमीफायनल संपली : कॅन्सस सिटीचे चीफ्स ३२, आमचे बफेलोचे बिल्स २९. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) चीफ्सनी आम्हाला घरी पाठवायची ही पाच सीझनमधली चौथी खेप. हरायची सवय आहे हो, बफेलोच्या बाजूला राहिलं की ती होतेच. पण आज चौथा क्वार्टर सुरू झाल्या झाल्या जे झालं ते काही केल्या गिळवत नाही.

आम्ही २२–२१ ने पुढे. चौथा डाउन, म्हणजे दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा, आणि जेमतेम यार्डभर हवंय. आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) जॉश ॲलन चेंडू पोटाशी धरून स्वतःच घुसला. सहा फूट पाच इंचांचा गडी. एका बाजूचा अधिकारी धावत आला तो पुढे पाय रोवून उभा राहिला, दुसऱ्या बाजूचा आला तो मागे. मानलं कोणाचं? मागच्याचं. रिप्ले पाहूनही तेच कायम. चेंडू चीफ्सकडे, त्यांनी लगोलग टचडाउन केला (चेंडू गोल रेषेपार, सहा गुण) आणि वर दोन गुणांचं कन्व्हर्जनही (रेषेजवळून आणखी एक प्रयत्न) घेतलं. सीबीएसवर नियमतज्ज्ञ म्हणून बसलेले माजी रेफरी जीन स्टेराटोर, त्यांनाही ॲलन पोचला असंच वाटलं.

तर मंडळी, ॲलन पोचला होता का? हे लोक चीफ्सना झुकतं माप देतात का? आणि ९ फेब्रुवारीच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, चीफ्स की फिलाडेल्फियाचे ईगल्स? आकडा लिहून भाकीत करा, नुसतं 'ईगल्स जिंकावेत' नको.

रिमझिम | २७ जानेवारी, ००:३१

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

ओव्हरलँडकर | २७ जानेवारी, ००:४४

आला का धागा! आमच्या कॅन्ससमध्ये अजून फटाके संपले नाहीत आणि इकडे रडारड सुरू.

बाळ्या, मनापासून वाईट वाटतं, पण दोन गुणांची दोन कन्व्हर्जन्स तुमची फसली ती रेफरीने फसवली का? २९–२९ झाल्यावर आमच्या बटकरने फील्ड गोल (लाथेने तीन गुण) मारला तेव्हा साडेतीन मिनिटं शिल्लक होती. तेवढ्यात ॲलनने काय काय केलंय ते आपण पाहिलंय. शेवटच्या चौथ्या डाउनला आमचा ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर सोडलेली जादा माणसं) आला, ॲलनने मागे पळत चेंडू भिरकावला, तो तुमच्या किनकेडच्या हाताला लागून पडला. ते हात काय रेफरीचे होते?

भाकीत : चीफ्स २७–२४. सलग तिसरा सुपर बोल. आजवर कोणालाही जमलेलं नाही.

चेरीहिलची_माई | २७ जानेवारी, ०१:०२

ओव्हरलँडकर, दोन वर्षांपूर्वीचं अजून विसरले नाहीये मी. ग्लेनडेलचा सुपर बोल. ३५–३५, दोनेक मिनिटं उरलेली, तुमचा तिसरा डाउन. पास हुकला. आणि मग पिवळा रुमाल, म्हणजे फ्लॅग, फाउलची खूण. आमच्या ब्रॅडबेरीने म्हणे तुमच्या स्मिथ-शूस्टरचा शर्ट ओढला! सबंध सामनाभर असली ओढाओढ दोन्ही बाजूंनी चालली होती, तेव्हा सगळ्यांचे रुमाल खिशात. तो एक फ्लॅग नसता तर तुम्ही फील्ड गोल मारला असता आणि आमच्या क्वार्टरबॅकला, हर्ट्सला, उत्तर द्यायला वेळ मिळाला असता. त्याऐवजी तुमचा मॅकिनन टचडाउन समोर असताना मुद्दाम घसरून बसला, घड्याळ पळवलं आणि ८ सेकंद उरताना तीन गुण घेऊन मोकळे झालात. ३८–३५.

इथे काल ईगल्सनी वॉशिंग्टनला ५५–२३ ने हरवलं आहे, आनंदात आहे, म्हणून एवढंच लिहिते.

ईगल्स ३१–२४.

ओव्हरलँडकर | २७ जानेवारी, ०१:१०

माई, ब्रॅडबेरीने स्वतः सामन्यानंतर सांगितलं की मी ओढला शर्ट, वाटलं होतं सोडून देतील. आरोपीने कबूल केल्यावर वकील कशाला भांडतोय? आणि हर्ट्सच्या हातून निसटलेला चेंडू उचलून आमच्या बोल्टनने टचडाउन केला, टोनीने तुमचा पंट (लाथेने लांब धाडलेला चेंडू) ६५ यार्ड परत आणला. त्यावर कधी बोलत नाही कोणी.

चेरीहिलची_माई | २७ जानेवारी, ०१:१३

तो सज्जन आहे म्हणून कबूल केलं. तुमचा असता तर केलं असतं का?

शंकासुर | २७ जानेवारी, ०१:४०

पुण्यात आत्ता दुपारचे बारा वाजून गेलेत आणि मी ऑफिसात हा धागा वाचतोय. दोन वर्षं हा खेळ बघतोय, एक मूलभूत शंका : चेंडू नक्की कुठे थांबला हे ठरवतं कोण? क्रिकेटमध्ये बॉल ट्रॅकिंग आहे, टेनिसमध्ये रेषेवरचे पंचही आता कॅमेरे झालेत. अब्जावधी डॉलरच्या लीगमध्ये दोन माणसं धावत येऊन पाय ठेवतात आणि तेच अंतिम?

नियमावली | २७ जानेवारी, ०७:२५

शंकासुर, बरोब्बर जागी बोट ठेवलंत. मी इथे ओहायोत शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या सामन्यांना लाइनवर उभा राहतो, तेव्हा त्या दोन पायांबद्दल थोडं लिहितो. एनएफएलची पातळी वेगळी, पण काम तेच.

मैदानात सात जण असतात. पांढरी टोपी ती रेफरीची, बाकी सहांच्या काळ्या. चेंडू जिथून सुटतो त्या रेषेच्या दोन टोकांना डाउन जज आणि लाइन जज. ॲलनसारखा घुसणारा खेळ असला की दोघं दोन्हीकडून आत धावतात. त्यांना काय दिसतं? पाठी, हेल्मेटं, एकमेकांवर पडलेली दहा-बारा माणसं. चेंडू सगळ्यांत खाली. शिट्टी वाजली म्हणजे खेळ संपला असं नाही, तो त्याआधीच गुडघा किंवा कोपर टेकल्याच्या क्षणी संपलेला असतो, किंवा पुढे जाणं थांबून तो मागे रेटला जायला लागला त्या क्षणी. म्हणजे एका डोळ्याने गुडघा, दुसऱ्याने चेंडू, आणि दोन्ही एकाच निमिषात. आम्हाला शिकवतात की नजर जागेवरून हलवायची नाही, धावायचं नजरेमागून. आत पोचल्यावर पुढचा पाय ठेवायचा आणि मग कोणी कितीही ओरडलं तरी तो पाय उचलायचा नाही. ढिगाऱ्यातले बचाववाले तेवढ्यात चेंडू मागे ढकलत असतात आणि हल्लेवाले पुढे, तेव्हा ढीग उपसल्यावर चेंडू जिथे सापडतो त्या जागेला काडीचा अर्थ नसतो.

दोघांचे पाय वेगळ्या जागी पडले तर मत कोणाचं? चेंडू ज्याला दिसत होता त्याचं. काल बहुधा तेच झालं. आता रिप्लेचं. न्यूयॉर्कला बसलेल्यांना मैदानावरचा निर्णय बदलायचा तर स्वच्छ, निर्विवाद चित्र लागतं. अंगाखाली दडलेला चेंडू कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हता. त्यामुळे मैदानावर 'पोचला' म्हटलं असतं तर तेही कायम राहिलं असतं.

माझं मत विचाराल तर पोचला होता. पण फीतभर अंतराचा प्रश्न आहे आणि टीव्हीवर 'इथवर पोचायचं' म्हणून दिसते ती पिवळी रेघ चॅनेलवाल्यांनी काढलेली असते, मैदानावर ती नसते. तिच्यावरून भांडू नका.

शंकासुर | २७ जानेवारी, ०७:५०

चेंडूत चिप असते ना? कुठेतरी वाचलं होतं.

नियमावली | २७ जानेवारी, ०८:०२

असते, वेग-अंतराची आकडेवारी काढायला. इंचा-इंचाचा निवाडा करण्याइतकी ती अचूक नाही. आणि चेंडू कुठे आहे हे कळलं तरी गुडघा कधी टेकला हे चिपला कोण सांगणार? यंदा प्रीसीझनमध्ये दहा यार्ड मोजायच्या साखळीऐवजी कॅमेऱ्यांनी अंतर मोजून पाहिलं. पण त्यातही चेंडू आधी माणूसच ठेवतो, कॅमेरा फक्त तिथून पुढे मोजतो.

साखळीवरून आठवलं. बाळ्याने ज्या स्टेराटोरांचा दाखला दिलाय त्यांनीच डिसेंबर २०१७ मध्ये काउबॉइज–रेडर्स सामन्यात साखळी ताणून मोजल्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढला, चेंडू आणि काठी यांच्या फटीत सरकवला आणि फर्स्ट डाउन (नवे चार प्रयत्न) दिला. भर स्टेडियममध्ये, रविवार रात्रीच्या सामन्यात!

शिवाजीपार्क | २७ जानेवारी, ०९:१५

खिक्! आमच्या गल्लीत वीट आणि स्टम्पमधली फट अशीच मोजायचे.

अवांतर : रिप्लेतलं हे 'कायम' म्हणजे आपल्या डीआरएसमधला अंपायर्स कॉल. तिथेही चेंडू स्टम्पला चाटून जाणार असं दिसलं तरी मैदानावर नाबाद दिलं असेल तर नाबाद. लोक चिडतात, पण तंत्राला चुकीची मर्यादा असते हे निदान तिथे उघड मान्य केलंय. आणि पंचांच्या चुका म्हणाल तर २००८ च्या सिडनी कसोटीनंतर बकनर यांना पुढच्या पर्थ कसोटीतून काढलं होतं. २०१९ च्या विश्वचषक फायनलमधल्या ओव्हरथ्रोला पाचऐवजी सहा धावा दिल्या गेल्या, धर्मसेनांनी नंतर ते मान्यही केलं. विश्वचषक गेला तो गेलाच.

बायूकाठचा | २७ जानेवारी, १०:४०

विश्वचषक गेला, सुपर बोल गेला. जखमेवरची खपली काढलीत.

२० जानेवारी २०१९, आमचे न्यू ऑर्लिन्सचे सेंट्स विरुद्ध रॅम्स, सुपर बोलच्या आधीचा सामना. तेव्हा न्यू ऑर्लिन्सला राहायचो, सुपरडोममध्ये वरच्या बाजूला बसलो होतो. २०–२०, पावणेदोन मिनिटांच्या आसपास बाकी. आमच्या ब्रीसने टॉमीली लुइसकडे पास टाकला. चेंडू हवेत आहे, लुइस त्याची वाट पाहतोय आणि रॅम्सचा रोबी-कोलमन चेंडूकडे ढुंकूनही न बघता येऊन सरळ त्याला आडवा करतो. हेल्मेटला हेल्मेट. समोर अधिकारी उभा. रुमाल नाही. सुपरडोममध्ये एरवी शेजारच्याचं ऐकू येत नाही, तेव्हा क्षणभर सगळे रुमाल शोधत होते आणि मग जो आवाज झाला तो मी परत कधी ऐकलेला नाही. ओव्हरटाइममध्ये रॅम्सच्या झुएरलाइनने ५७ यार्डांवरून मारला, २६–२३, खेळ खल्लास. लीगने मागाहून रोबी-कोलमनला त्या धडकेबद्दल दंड केला. म्हणजे गुन्हा झाला होता हे मान्य!

गावातल्या पेपराने सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी पहिलं पान जवळजवळ कोरं सोडलं होतं. लोक कोर्टात गेले. बाळ्या, तुझ्या ॲलनबद्दल निदान वाद तरी आहे. आमच्याबद्दल वादच नव्हता.

आणि तेव्हा फायदा कोणाचा झाला? रॅम्सचा. चीफ्स त्याच संध्याकाळी ओव्हरटाइममध्ये पेट्रियट्सकडून हरले. म्हणून 'चीफ्सना जिंकवतात' यावर माझा विश्वास नाही. सगळ्यांनाच आळीपाळीने रडवतात, असं म्हणा.

ह्यूस्टनचा_हणमंत | २७ जानेवारी, ११:३०

बायूकाठचा, तुमच्यामुळे २०१९ ला पास इंटरफिअरन्स (झेल घेणाऱ्याला चेंडूआधीच अडवणं) रिप्लेत तपासायची सोय आली आणि एका सीझनमध्ये गाशा गुंडाळून गेली. आमच्या हॉपकिन्सला बाल्टिमोरच्या हम्फ्रीने चेंडू येण्याआधी कवेत घेतलं होतं, कोचने लाल फ्लॅग टाकून दाद मागितली, न्यूयॉर्कहून उत्तर : काही दिसत नाही. (सामना ४१–७ ने हरलो ते सोडा.)

पण नऊ दिवसांपूर्वीच्या आमच्या टेक्सन्स–चीफ्स सामन्याचं बोलू. त्यांच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला, वाऱ्याने धक्का लागला तरी १५ यार्ड. आमच्या विल अँडरसनवरचा फ्लॅग बघा. मग माहोम्स धावता धावता उशिरा घसरला, आमचे दोघं त्याला चुकवायला जाऊन एकमेकांवर आपटले, तरी फ्लॅग! समालोचनाला बसलेला ट्रॉय एकमनसुद्धा वैतागला. तो स्वतः क्वार्टरबॅक होता, तीन सुपर बोल जिंकलेला.

ओव्हरलँडकर | २७ जानेवारी, ११:४८

हणमंतराव, ते दोन फ्लॅग हलके होते, दिले तुम्हाला. पण तुमच्या क्वार्टरबॅकला आम्ही आठ वेळा लोळवलं. तुमच्या किकरने एक फील्ड गोल हुकवला, एक आम्ही अडवला, वर टचडाउननंतरचा एक्स्ट्रा पॉइंटही गेला. २३–१४ मध्ये हे सगळं धरा की.

आकडेमोड | २७ जानेवारी, २१:०५

दिवसभर धागा वाचतोय. थोडी थंड हवा सोडतो.

चीफ्स यंदा १५ जिंकले, २ हरले. त्यातले ११ विजय एका स्कोअरच्या आत, म्हणजे ८ किंवा कमी गुणांच्या फरकाने. असे ११ सामने, हार शून्य. प्रत्येक सामना निम्मा-निम्मा धरला तर सलग ११ जिंकण्याची शक्यता २,०४८ मध्ये एक. चांगला संघ म्हणून ६० टक्के धरा, तरी पावणेतीनशेत एक. म्हणजे यंदा नशीब हात धुऊन त्यांच्या मागे लागलंय, चांगल्या अर्थाने. ब्रॉन्कोजचा शेवटच्या क्षणी अडवलेला फील्ड गोल आठवा, रेडर्सच्या हातून सुटलेला स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) आठवा, पहिल्याच सामन्यात रेव्हन्सच्या लाइकलीचा रेषेला टेकलेला पायाचा अंगठा आठवा. यात रेफरी कुठे आहेत?

गंमत अशी की जो संघ कायम निसटते सामने खेळतो, त्याच्या बाबतीत प्रत्येक निर्णय निर्णायक 'दिसतो'. लायन्स ३० गुणांनी पुढे असताना चुकलेला फ्लॅग कोण लक्षात ठेवणार? त्यात चीफ्सचे सामने सगळा देश बघतो. गायिका टेलर स्विफ्टबाई बॉक्समध्ये असल्या तर ज्यांना फर्स्ट डाउन कळत नाही तेही बघतात. माझ्या मते झुकतं माप कमी, आपली निवडक आठवण जास्त. माहोम्सला मिळणारं संरक्षण मात्र वेगळं प्रकरण. ते मोठ्या क्वार्टरबॅकना पूर्वीपासून मिळत आलंय, पेट्रियट्सच्या ब्रेडीला मिळायचं.

भाकीत करताना हेच उलट वापरा. निसटते विजय पुढे तसेच चालू राहत नाहीत. ईगल्सचा बचाव यंदा सर्वांत कमी यार्ड देणारा, त्यांचा बार्कली २,००५ यार्ड धावलेला, आणि माहोम्सला राखणाऱ्या फळीची डावी बाजू इतकी लंगडी की आत गार्ड असलेल्या थूनीला टोकाला टॅकल म्हणून उभं केलंय. ईगल्स २७–२०.

रिमझिम | २७ जानेवारी, २१:२०

ब्रेडी म्हटलंत आणि टक रूल कोणी काढला नाही? मी बोस्टनची आहे, पळते.

शिवाजीपार्क | २७ जानेवारी, २१:२४

थांबा, पळू नका. काय ते?

नियमावली | २७ जानेवारी, २२:०१

१९ जानेवारी २००२, बर्फ पडतोय, पेट्रियट्स तीन गुणांनी मागे. रेडर्सच्या वूडसनने ब्रेडीला आदळलं, चेंडू सुटला, रेडर्सनी झडप घातली. सामना संपल्यात जमा. मग रिप्ले. नियम असा होता की फेकायला पुढे नेलेला हात क्वार्टरबॅक परत अंगाशी घेत असताना चेंडू सुटला तरी तो अपुरा पास, फंबल (निसटलेला, कोणीही उचलावा असा चेंडू) नाही. रेफरीने नियम शब्दशः लावला, पेट्रियट्स १६–१३ ने जिंकले आणि तिथून ब्रेडीच्या पहिल्या सुपर बोलपर्यंत गेले. २०१३ मध्ये तो नियमच काढून टाकला. मी याला चुकीचा निर्णय म्हणत नाही. बरोबर निर्णय, भिकार नियम. डेझ ब्रायंटचा २०१५ चा रद्द ठरवलेला झेल तसाच, 'झेल म्हणजे काय' ही व्याख्या २०१८ मध्ये बदलावी लागली. रेफरींना शिव्या घालताना निम्म्या वेळा शिव्या नियम लिहिणाऱ्यांच्या नावे जायला हव्यात.

ह्यूस्टनचा_हणमंत | २७ जानेवारी, २२:१५

आणि सिॲटलला २०१२ साली बदली रेफरी होते तेव्हा? शेवटच्या खेळावर दोन अधिकारी शेजारी शेजारी उभे, एकाचे हात वर 'टचडाउन', दुसरा हात हलवतोय 'खेळ संपला'. पॅकर्स हरले १४–१२ आणि दोन दिवसांत लीगने खऱ्या रेफरींशी तह केला. त्यांची किंमत कळली ती अशी.

शंकासुर | २८ जानेवारी, ०१:१५

काल ईगल्सच्या सामन्यात रेफरी माइकवर काहीतरी 'गुण देऊन टाकीन' म्हणाला ते काय होतं? मला वाटलं मी झोपेत ऐकलं.

चेरीहिलची_माई | २८ जानेवारी, ०७:३०

नाही रे बाळा, खरंच म्हणाला. आम्ही गोल रेषेपाशी होतो, टश पुश (क्वार्टरबॅकला मागून ढकलत रेटणं) करणार हे सगळ्यांना ठाऊक. वॉशिंग्टनचा लुवू चेंडू सुटायच्या आधीच माणसांच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे! पुन्हा तेच. फ्लॅग लागला तरी उरलेल्या अंतराच्या निम्मंच पुढे सरकवतात, आणि आधीच रेषेला चिकटलेलो, म्हणजे शिक्षा इंचाइंचाची. त्यांना वाटलं, जातंय काय आपलं? मग रेफरी होचुलीने माइक चालू करून सांगितलं की परत केलंत तर गुण बहाल करीन. माझे यजमान ३० वर्षं हा खेळ बघताहेत, तेही उठून उभे राहिले.

बर्फातला_बाळ्या | २८ जानेवारी, ०८:१०

म्हणजे रेफरी न खेळता टचडाउन देऊ शकतो आणि आमच्या ॲलनला यार्डभर देऊ शकत नाही. छान.

खवय्या | ३० जानेवारी, १९:४५

भाकितं होत राहतील, पार्टीला काय करताय ते सांगा. गेल्या वर्षी ग्वाकामोले आणि विंग्जच्या जोडीला वडापाव ठेवले होते, हाफटाइमच्या आत संपले आणि पाहुण्यांपैकी एकालाही स्कोअर माहीत नव्हता.

ओव्हरलँडकर | ३० जानेवारी, २०:०२

मिसळ. तर्री लाल, म्हणजे चीफ्सचाच रंग.

चेरीहिलची_माई | ३० जानेवारी, २०:०५

कोथिंबीर वडी. हिरवी.

भविष्यवेत्ता | १ फेब्रुवारी, १०:२०

सर्व आकडेमोडी बाजूला ठेवा. सॅक्वॉन बार्कलीचा जन्म ९ फेब्रुवारी १९९७. त्याच संघातल्या कूपर डीजीनचा जन्म ९ फेब्रुवारी २००३. सुपर बोल ९ फेब्रुवारीला. एकाच संघात दोन बड्डे बॉय. ग्रह एवढे स्पष्ट बोलत असताना तुम्ही पॉइंट स्प्रेड (पैजेतला गुणांचा अंदाजी फरक) काय बघताय? ईगल्स, आणि दोघांपैकी एक टचडाउन करणार.

आकडेमोड | १ फेब्रुवारी, १०:४१

स्प्रेड काढलाच आहे तर, चीफ्स दीड गुणाने वर आहेत. म्हणजे सट्टेबाजारालाही कळलेलं नाही.

हाच मुद्दा मला जास्त सतावतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना पैजेची दारं उघडून दिल्यापासून दर दोन मिनिटांनी पैजेची जाहिरात. लीग त्या कंपन्यांकडून पैसे घेते आणि रेफरी अजून बहुतेक अर्धवेळ, आठवडाभर दुसरी नोकरी करणारे. या सुपर बोलचा रेफरी रॉन टॉर्बर्ट वकील आहे. कोणी विकला गेलाय असं मी अजिबात म्हणत नाही. पण लोकांचा पैसा लागला की प्रत्येक फ्लॅग त्यांना खिशातून गेल्यासारखा वाटतो, आणि मग 'फिक्स आहे' ही ओरड थांबत नाही.

ओव्हरलँडकर | १ फेब्रुवारी, ११:१०

आमच्याकडची मजा ऐका. स्टेडियम मिसूरीत, मी राहतो कॅन्ससात. कॅन्ससात पैज कायदेशीर, मिसूरीत मतदान होऊन मंजूर झाली पण अजून सुरू नाही. मधली हद्द म्हणजे एक रस्ता. पलीकडचे मित्र गाडी अलीकडे आणतात, फोनवर पैज लावतात आणि परत जातात. मी नाही हां. बायको हा धागा वाचते.

बर्फातला_बाळ्या | ४ फेब्रुवारी, ००:०५

काल न्यू ऑर्लिन्सच्या पत्रकार परिषदेत कमिशनर गुडेल म्हणाले की चीफ्सना रेफरी मदत करतात हा तर्क हास्यास्पद आहे. हास्यास्पद आहे तर उत्तर द्यावंसं का वाटलं?

नियमावली | ४ फेब्रुवारी, ०६:५०

कारण पत्रकारांनी विचारलं.

शंकासुर | १० फेब्रुवारी, ०६:४० (भारतीय वेळ)

पहाटे पाचपासून उठलोय. हाफटाइम, ईगल्स २४, चीफ्स ०. हे खरंय का? भविष्यवेत्ते, पाया पडतो. डीजीनने माहोम्सचा पास अडवून ३८ यार्ड पळत टचडाउन केला. बाविसाव्या वाढदिवसाला!

भविष्यवेत्ता | ९ फेब्रुवारी, २०:१५ (न्यूयॉर्क वेळ)

दक्षिणा ऑनलाइन पाठवावी.

ह्यूस्टनचा_हणमंत | ९ फेब्रुवारी, २०:२२

पहिल्या अर्ध्यात चीफ्सचे एकूण यार्ड २३. तेवीस! आज माहोम्सला वाचवायला रुमालच नाही कुठे.

खवय्या | ९ फेब्रुवारी, २०:२५

ओव्हरलँडकर, मिसळ उरली का?

आकडेमोड | ९ फेब्रुवारी, २२:४०

४०–२२, आणि तेही चीफ्सनी शेवटी सामना हातचा गेल्यावर गुण जमवले म्हणून. ईगल्सचे बचावाचे कोच फँजिओ, त्यांच्या बचावाने ब्लिट्झ न पाठवता, पुढच्या चौघांच्या जोरावर माहोम्सला सहा वेळा पाडलं. चौघांनीच दबाव आणला की मागे सात जण झेल रोखायला मोकळे, मग कितीही मोठा क्वार्टरबॅक असो, टाकणार कोणाला? बार्कली फक्त ५७ यार्ड धावला तरी काही बिघडलं नाही. डाव्या बाजूचं दुखणं पहिल्या तासात बाहेर आलं.

ओव्हरलँडकर | ९ फेब्रुवारी, २३:०५

मिसळ भरपूर उरलीये. कोणी काही बोलू नका. आमच्या ओ-लाइनने (राखणाऱ्या फळीने) माहोम्सला वाऱ्यावर सोडलं, रेफरींचा यात काडीचा संबंध नाही. हे मी सामन्याआधीपासून सांगतोय, आता उलट्या बाजूनेही तेच सांगतोय.

बर्फातला_बाळ्या | ९ फेब्रुवारी, २३:२०

मला आनंद झालाय असं लिहिणार होतो. तेवढा झाला नाही. हे बघून वाटलं की ॲलनला तो यार्ड मिळाला असता तर आज फँजिओच्या तावडीत आम्ही सापडलो असतो. धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी अजून ठाम आहे : माप झुकतं आहे. १८ गुणांनी मार खाल्ला म्हणून बिल्सविरुद्धचा स्पॉट (चेंडूची ठरवलेली जागा) बरोबर ठरत नाही.

नियमावली | १० फेब्रुवारी, ०७:१५

नाहीच ठरत. पण बाळ्या, काल पहिल्याच ड्राइव्हला (चढाईला) ईगल्स चौथ्या डाउनला खेळले, ए. जे. ब्राउनने ३२ यार्डांचा झेल घेतला आणि त्याच्यावरच पास इंटरफिअरन्सचा फ्लॅग पडून तो रद्द झाला. हलका फ्लॅग होता, आणि चीफ्सच्या बाजूने. सामना चुरशीचा झाला असता तर आज सगळा धागा त्याच्यावर चालला असता.

चेरीहिलची_माई | १० फेब्रुवारी, ०८:०२

हलका? तो फ्लॅगच नव्हता! दोघांचे हात एकमेकांवर होते, ब्राउनचेच कसे दिसले? रात्री दीडपर्यंत यजमानांना तेच सांगत होते.

ओव्हरलँडकर | १० फेब्रुवारी, ०८:१०

माई, ४०–२२ जिंकलात. आता तरी सोडा. आणि तुमच्या पहिल्या टचडाउनच्या आधी तिसरा डाउन फसला होता, आमच्या मॅकडफीवर हेल्मेटच्या धडकेचा फ्लॅग पडला म्हणून ड्राइव्ह जिवंत राहिली. त्याचं काय?

चेरीहिलची_माई | १० फेब्रुवारी, ०८:१२

तो अगदी बरोबर होता.